वाचकांचे प्रश्न : थोड्या खर्चात खोलीला उजाळा

घरातल्या खोल्या कळकट आणि उदास दिसू लागल्या आहेत, पण संपूर्ण रंगकाम किंवा नवे सामान परवडणारे नाही, अशा आशयाची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : आमची बैठकीची खोली मरगळलेली वाटते, पण नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. भिंती फार खराब नाहीत, सामानही धड आहे. हाताशी पैसे अगदी बेताचे आहेत. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, हीच आपली खरी अडचण आहे, आणि तिचा उलगडा होईपर्यंत काहीही विकत आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खोली मरगळते ती क्वचितच एखाद्या मोठ्या दोषामुळे. बहुधा बारीकसारीक गोष्टी साठत जातात आणि रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे घरच्या माणसांना त्या दिसेनाशा होतात. यावर सोपा उपाय असा, की दारात उभे राहून फोनवर खोलीची छायाचित्रे काढावीत : एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवे लावून. कपाटावर चढवून ठेवलेली खोकी, भिंतीवरून लोंबणारी वायर, एका बाजूने निसटलेला पडदा, विजेच्या बटणांभोवतीचे हातांचे काळपट डाग हे सारे छायाचित्रात एकदम नजरेत भरते. जे खटकेल ते लिहून काढावे. या यादीतील निम्म्याहून अधिक कामांना पैसा लागत नाही, असेच बहुतेकांना आढळते.

त्यानंतर खोली शक्य तितकी रिकामी करावी. सामान नुसते इकडचे तिकडे सरकवून हे साधत नाही; लहान वस्तू, तसबिरी, गालिचा, उशा सर्व काही बाहेर काढावे आणि रिकाम्या खोलीची स्वच्छता वरून खाली करत यावी. आधी छत आणि पंख्याची पाती, मग दिव्यांची झाकणे, खिडक्यांच्या काचा आणि शेवटी फरशी, असा क्रम ठेवला म्हणजे खाली पडणाऱ्या धुळीमुळे तेच काम दोनदा करावे लागत नाही. भिंती धुताना मात्र नेमके उलटे करावे. वरून धुवायला सुरुवात केली, की मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या, धुळकट भागावर उतरतात आणि तेथे पट्टे उमटतात, जे नंतर सहजी जात नाहीत. म्हणून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून, पिळलेल्या फडक्याने खालून वर पुसत जावे आणि लगेच स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण काढून टाकावा. भिंतीवर कोरडा हात फिरवून पाहिल्यावर तळहाताला पांढरी भुकटी लागत असेल, तर तो रंग धुण्याजोगा नाही. तेथे कोरड्या मऊ फडक्यावरच भागवावे, नाहीतर रंगच फडक्याबरोबर निघून येईल.

स्वच्छतेनंतर दुरुस्ती. जिथे रोज हात पडतो तिथले बिघाड आधी काढावेत, कारण खोलीविषयीचे आपले मत डोळ्यांइतकेच हातांनीही बनत असते. सैल झालेली दाराची मूठ, करकरणारी बिजागरी, अडकणारा खण, पिवळी पडलेली स्विचबोर्डाची पट्टी ही कामे एका दिवसात उरकतात. खणाच्या खालच्या लाकडी कडांवर मेणबत्ती घासली, की तो सुरळीत सरकतो. बिजागरीचा स्क्रू गोल गोल फिरत असेल, तर तो काढून त्या भोकात लाकडाला लावण्याचा गोंद माखलेल्या एक-दोन काड्या घट्ट बसवाव्यात, गोंद वाळल्यावर त्या पृष्ठभागाला समतल कापाव्यात आणि स्क्रू पुन्हा पिळावा. स्विचबोर्डाची पट्टी बदलण्यापूर्वी मुख्य बटणावरून वीज बंद करावी. तारांना हात लावण्याची वेळ येणार असेल, तर ते काम वीजतंत्र्याकडेच सोपवावे.

शेवटी सामान परत आत आणताना प्रत्येक वस्तू यायलाच हवी का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. मोठे सामान भिंतींना चिकटवून ठेवलेच पाहिजे असे नाही. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला तरी खोली मोकळी वाटू शकते. मात्र येण्याजाण्याच्या वाटेवर सुमारे 75 ते 90 सेंटिमीटर जागा राहील आणि सोफा व मधले टेबल यांत 40 ते 45 सेंटिमीटर अंतर राहील, एवढे पाहावे. एवढे झाल्यावरच उरलेल्या पैशाचे काय करायचे ते ठरवावे. या टप्प्यावर आल्यावर मनातल्या खरेदीतली बरीचशी खरेदी अनावश्यक वाटू लागते.

प्रश्न : चारही भिंती रंगवणे शक्य नसल्यामुळे एकच भिंत गडद रंगात रंगवावी, असे सुचवले जाते. ते योग्य ठरेल का? रंग किती लागेल आणि तो स्वतः लावता येईल का?

उत्तर : एक भिंत वेगळ्या रंगाची करण्यास आमची हरकत नाही, परंतु इतर तीन भिंती मळलेल्या असताना चौथी झळाळू लागली, तर तिघींचा मळ अधिकच उठून दिसतो. त्या तीन भिंती धुऊन स्वच्छ होत असतील, तरच हा मार्ग धरावा. भिंतही अशी निवडावी, की जिच्यामागे काही कारण आहे : सोफ्यामागची किंवा पलंगाच्या डोक्याकडची. दारे-खिडक्यांनी तुकडे पडलेल्या भिंतीवर गडद रंग विस्कळीत दिसतो. गडद रंगच हवा, असाही आग्रह नसावा. आधीच कमी उजेडाच्या खोलीत तो बहुतेक वेळा निराशा करतो.

रंगाची निवड छापील रंगपत्रिकेवरून करू नये. पत्रिकेवरचा बोटभर चौकोन आणि अख्खी भिंत यांत फार फरक असतो. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग अधिक तीव्र वाटतो. सर्वांत लहान डबी आणून पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींपाशी उभा करून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. उन्हात सौम्य वाटणारा राखाडी रंग रात्री निळसर किंवा हिरवट दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. पांढराही एकच नसतो. कोणत्यात पिवळ्याची छटा असते तर कोणत्यात निळ्याची, आणि दोन पांढरे शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही.

आता हिशेब. भिंतीची लांबी आणि उंची यांचा गुणाकार करून त्यातून दार-खिडकीचे क्षेत्रफळ वजा करावे. समजा भिंत 4 मीटर लांब आणि 2.75 मीटर उंच आहे; क्षेत्रफळ 11 चौरस मीटर झाले. तिच्यात 1.5 मीटर रुंद आणि 1.2 मीटर उंच खिडकी असेल, तर 1.8 चौरस मीटर वजा जाऊन 9.2 उरतात. दोन हातांसाठी 18.4 चौरस मीटर धरावे लागतील. गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हातात साधारणपणे 10 ते 12 चौरस मीटर भागाला पुरते. म्हणजे दोन लिटरमध्ये ही भिंत आरामात होते आणि पुढे लागेल म्हणून थोडा रंग शिल्लकही राहतो. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो, त्यावरच विसंबावे. खडबडीत किंवा कोऱ्या गिलाव्याला याहून बराच जास्त रंग लागतो.

भिंत स्वतः रंगवता येते, आणि तिथेच खरी बचत आहे. मात्र कामाचा मोठा भाग रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच असतो, हे लक्षात ठेवावे. सुटलेले पोपडे पत्र्याने खरवडावेत, बारीक तडा टोकदार हत्याराने किंचित रुंद करून त्यातली भुकटी झटकावी, पुट्टी भरावी आणि ती पूर्ण वाळल्यावर 180 किंवा 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सपाट करावी. घर फार जुने असेल आणि त्यावर पूर्वीच्या तेलरंगाचे थर असतील, तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये, विशेषतः घरात लहान मुले किंवा गरोदर स्त्री असताना. पुट्टी भरलेल्या जागांना प्रायमरचा एक हात दिला नाही, तर तेवढे भाग रंग जास्त शोषतात आणि वाळल्यावर वेगळे दिसतात. प्रत्यक्ष रंगवताना आधी कडा आणि कोपरे ब्रशने, मग मधला भाग रोलरने करावा, आणि एकदा हाती घेतलेली भिंत अर्ध्यावर सोडू नये. वाळलेल्या कडेवर पुन्हा ओला रंग चढला, की तेथे रेघ दिसते. डागाच्या जागी जुन्याच डब्यातला रंग टिपण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा. भिंतीवरचा रंग एव्हाना विटलेला असतो, त्यामुळे नवा ठिपका डागापेक्षा ठळक दिसतो. रंगवायचीच असेल, तर ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवावी.

प्रश्न : शयनगृहाच्या एका भिंतीला ओल येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. त्यावर वॉलपेपर लावून ती झाकता येईल का?

उत्तर : झाकू नये. वॉलपेपरामागे ओल कोंडली, की तिथे बुरशी वाढते, गोंद सुटतो आणि थोड्याच दिवसांत मूळ भिंतीपेक्षा वाईट अवस्था होते. ओल बाहेरून आत येत आहे, की खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर जमून पाणी होत आहे, हे प्रथम ठरवले पाहिजे. त्याची एक जुनी चाचणी आहे. कोरड्या पुसलेल्या भागावर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या कागदाचा हातभर चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले असेल, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला दवासारखे थेंब असतील, तर खोलीत हवा पुरेशी खेळत नाही.

दुसऱ्या प्रकारात खर्च नगण्य आहे. खिडक्या रोज काही वेळ समोरासमोर उघड्या ठेवाव्यात, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्यावे, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत. पहिल्या प्रकारात मात्र मूळ गळती शोधावीच लागेल : भिंतीपलीकडचा नळ किंवा स्नानगृह, छतावर तुंबणारे पाणी, खिडकीच्या चौकटीभोवतीची भेग, बाहेरच्या गिलाव्याचा तडा. आपल्याजवळचे थोडे पैसे याच कामावर खर्च करावेत आणि सजावट बेलाशक पुढे ढकलावी. दुरुस्तीनंतरही भिंत पूर्ण सुकायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, तोवर रंगाची घाई करू नये. भिंतीवर पांढरी, मिठासारखी भुकटी येत असेल, तर ते गिलाव्यातले क्षार आहेत. ते कोरड्या ब्रशने झटकून गोळा करावेत. पाण्याने धुतले, तर ते विरघळून पुन्हा भिंतीतच जातात. काळी बुरशी काढताना नाकातोंडावर मास्क आणि हातात मोजे असावेत, आणि ब्लीच वापरत असाल तर त्यात आम्ल किंवा अमोनिया असलेले दुसरे कोणतेही द्रावण मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

प्रश्न : खोली दिवसाही अंधारी वाटते आणि रात्री ट्यूबलाइट असूनही निस्तेज दिसते. रंग बदलला तर फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण आधी उजेडाकडे पाहावे, कारण तो रंगापेक्षा स्वस्तात सुधारतो. काचा आतून-बाहेरून पुसणे, खिडकीवर झुकलेल्या फांद्या किंवा ओट्यावर रचलेले सामान दूर करणे आणि पडदा उघडल्यावर तो काचेवरून पूर्णपणे बाजूला सरेल इतकी दांडी दोन्ही बाजूंनी लांब घेणे, एवढ्यानेही दिवसाचा प्रकाश वाढतो. घरात आरसा असेल, तर तो खिडकीच्या समोर किंवा तिच्या लगतच्या भिंतीवर लावावा. मात्र त्यात काय दिसणार आहे ते आधी पाहून घ्यावे, नाहीतर पसाऱ्याचेच प्रतिबिंब दुप्पट व्हायचे.

रात्रीची निस्तेजता बहुधा एकाच दिव्यामुळे येते. छताजवळच्या एका प्रखर दिव्याने सगळी खोली सारखी उजळते खरी, पण चेहऱ्यांवर सावल्या पडतात आणि कोपरे ओकेबोके राहतात. त्याच्या जोडीला एखादा जमिनीवरचा किंवा टेबलावरचा दिवा, जुना असला तरी चालेल, कोपऱ्यात ठेवून त्याचा झोत भिंतीकडे वळवावा. बल्ब घेताना केवळ वॉट पाहू नयेत. किती उजेड मिळणार ते ल्युमेनवरून कळते. तारेच्या जुन्या 60 वॉटच्या बल्बइतका उजेड म्हणजे साधारण 800 ल्युमेन. उजेडाची छटा केल्विनवरून कळते : 2700 ते 3000 केल्विन म्हणजे उबदार, पिवळसर प्रकाश, जो बसण्या-झोपण्याच्या खोलीला शोभतो, 4000 च्या आसपास तटस्थ, काम करण्यास बरा, आणि 6500 म्हणजे निळसर पांढरा, ज्यात साऱ्या खोलीला कार्यालयाची कळा येते. एका खोलीत निरनिराळ्या छटांचे दिवे एकत्र लावू नयेत. वेष्टनावर सीआरआयचा आकडा असेल, तर तो 80 हून अधिक, आणि जमल्यास 90 च्या पुढचा असावा. तो जितका जास्त, तितके कापडांचे आणि भिंतींचे रंग मूळ रंगांशी मिळतेजुळते दिसतात.

प्रश्न : भाड्याच्या घरात राहतो. खिळे ठोकण्यास आणि रंग देण्यास मालकांची परवानगी नाही. मग काय करता येईल?

उत्तर : वर सांगितलेल्यांपैकी दिवे, स्वच्छता, मांडणी आणि कापड ही चारही साधने आपल्याला खुली आहेत, आणि घर सोडताना ती बरोबरही नेता येतात. तसबिरींसाठी चिकटणारे हूक मिळतात. त्यांवर लिहिलेल्या वजनाची मर्यादा पाळावी, लावण्यापूर्वी भिंत कोरडी व धूळरहित करावी आणि काढताना त्यांची पट्टी भिंतीपासून बाहेर न ओढता भिंतीलगत खालच्या दिशेने सावकाश ताणावी, म्हणजे रंगाची खपली निघत नाही. भुसभुशीत रंगाच्या भिंतीवर मात्र ते टिकणार नाहीत. तिथे तसबिरी टेबलावर किंवा फळीवर भिंतीला टेकवून ठेवाव्यात. आमच्या मते त्या टांगलेल्यांपेक्षा कित्येकदा अधिक चांगल्या दिसतात.

प्रश्न : सनमायका लावलेले जुने कपाट आणि लाकडी टेबल यांचे रूप पालटायचे आहे. सनमायकावर रंग बसतो का? टेबलावर गरम भांड्याचे पांढरे वळही उमटले आहेत.

उत्तर : सनमायकावर रंग बसतो, पण तो गुळगुळीत असल्यामुळे तयारीत कसर राहिली, तर नखानेही निघून येतो. प्रथम साबणाच्या पाण्याने तेलकटपणा पूर्ण काढावा. स्वयंपाकघरालगतच्या कपाटाला हे काम दोनदा करावे लागते. मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मरेपर्यंतच घासावे, सनमायका उकरू नये. त्यावर गुळगुळीत पृष्ठभाग धरून ठेवणारा खास प्रायमर द्यावा आणि नंतर रंगाचे दोन-तीन पातळ हात फोमच्या लहान रोलरने द्यावेत. जाड हात दिल्यास ओघळ येतात. हाताला कोरडा वाटला तरी हा रंग पुरता कठीण व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर त्यावर जड वस्तू सरकवू नये व ओल्या फडक्याने घासू नये. कडेचा सनमायका सुटला असेल, तर रंगापूर्वी तो चिकटवून घ्यावा.

एवढा खटाटोप नको असेल, तर केवळ मुठी बदलून पाहाव्यात. त्याआधी जुन्या मुठीच्या दोन स्क्रूंमधील अंतर, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये मोजावे. हे अंतर बहुधा 96 किंवा 128 मिलिमीटर असते, आणि नवी मूठ त्याच मापाची घेतली, तर दारांना नवी भोके पाडावी लागत नाहीत.

टेबलावरचे वळ पांढरे आहेत, ही सुदैवाची गोष्ट. पांढरा डाग म्हणजे ओलावा वरच्या पॉलिशमध्येच अडकला आहे; काळा डाग असता, तर पाणी लाकडात उतरले, असे समजावे लागले असते. त्या जागेवर कोरडे सुती कापड घालून, वाफ बंद ठेवलेली आणि अगदी मंद तापवलेली इस्त्री काही क्षणच फिरवावी, कापड उचलून पाहावे आणि गरज पडल्यास पुन्हा करावे. आधी टेबलाच्या न दिसणाऱ्या भागावर हे करून बघणे श्रेयस्कर. डाग गेल्यावर मेणाचे पॉलिश पातळ लावून मऊ कापडाने घासले, की एकूणच तकाकी येते. जवसाचे तेल वापरणार असाल, तर एक सावधगिरी अवश्य बाळगावी : तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशी बोळे केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती घराबाहेर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

प्रश्न : नवे पडदे घेण्याइतके पैसे आहेत, दुसरे काही जमणार नाही. निवडताना काय पाहावे?

उत्तर : पडद्याचा रंग आणि नक्षी यांपेक्षा माप अधिक महत्त्वाचे आहे. दांडी खिडकीच्या चौकटीला लागून न बसवता छताच्या दिशेने जितकी वर नेता येईल तितकी न्यावी आणि पडदा जमिनीपासून बोटभर वर थांबावा. खिडकीखाली अधांतरी लोंबणारे आखूड पडदे खोलीची उंची खाऊन टाकतात. कापडाची एकूण रुंदी दांडीच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट असावी, तरच बंद केल्यावरही चुण्या राहतात. भारी कापड कमी घेण्यापेक्षा साधे सुती कापड भरपूर घेणे केव्हाही चांगले. सुती कापड शिवण्यापूर्वी धुऊन घ्यावे, कारण पहिल्याच धुण्यात ते आटते आणि मापात शिवलेला पडदा चार बोटे वर जातो. जुने पडदे अजून मजबूत असून केवळ आखूड असतील, तर खालच्या बाजूला गडद रंगाच्या कापडाची रुंद पट्टी जोडून घ्यावी. त्यात नव्या पडद्यांचे पैसे वाचतात आणि ते दिव्यांसाठी वापरता येतात.